होमिओपॅथीचे डॉक्टर व्हायचे आहे? बेळगाव सीमाभागातील विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

दरवर्षी पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातील बारावीचा, निकाल आणि त्यापाठोपाठ नीटचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात रुग्णांपेक्षा पालकांचीच वर्दळ वाढते. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, तसेच पलीकडून चंदगड आणि गडहिंग्लज या भागांतून आलेले हे पालक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक तेच असतात. म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका वाचावीच लागते.

होमिओपॅथिक डॉक्टर होण्यासाठी नेमके कोणते शिक्षण लागते?

बीएचएमएस ही पदवी लागते. तिचा कालावधी साडेपाच वर्षांचा असून त्यात साडेचार वर्षे अभ्यासाची आणि एक वर्ष सक्तीच्या इंटर्नशिपचे असते. २०२२ च्या नियमांनुसार पहिले वर्ष म्हणून जे ओळखले जाते ते प्रत्यक्षात १८ महिन्यांचे असते आणि पुढची तीन वर्षे प्रत्येकी १२ महिन्यांची असतात. या शिक्षणावर देशपातळीवर राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाचे नियंत्रण आहे. १९७३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय होमिओपॅथी परिषदेची जागा या आयोगाने २०२० च्या कायद्यानुसार घेतली आणि जुलै २०२१ पासून तो काम पाहू लागला. जुन्या पिढीतील काही डॉक्टरांच्या पाटीवर डीएचएमएस ही पदविका दिसते. आज त्या वाटेने कोणालाही डॉक्टर होता येत नाही.

सहा महिन्यांचे, पत्राद्वारे किंवा ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम करून दवाखाना काढता येतो का?

येत नाही. होमिओपॅथीची आवड म्हणून कोणी चार पुस्तके वाचली किंवा एखादा ऑनलाइन वर्ग केला, तर त्यात गैर काही नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावर राज्य होमिओपॅथी मंडळाकडे डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय रुग्ण तपासणे हा गुन्हा आहे. येथे आणखी एका नावाने फसगत होते, ते म्हणजे इलेक्ट्रोहोमिओपॅथी. इटलीच्या काउंट मॅटेई यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली ही निराळी पद्धत आहे, तिचा होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या होमिओपॅथीशी केवळ नावापुरता संबंध आहे आणि तिच्या पदवी-पदविकांना होमिओपॅथी आयोगाची मान्यता नाही. जाहिरातीत ‘होमिओ’ हा शब्द वाचून पैसे भरून आलेले दोन तरुण मला आजवर भेटले आहेत आणि दोघांचीही वर्षे वाया गेली, म्हणून हे जरा ठासून लिहितो.

नीट देणे सक्तीचे आहे का? ती मराठीत देता येते का?

सक्तीचे आहे, आणि व्यवस्थापन कोट्यातील जागेसाठीसुद्धा आहे. ‘पैसे भरा, नीट लागत नाही’ असे कोणी एजंट सांगत असेल, तर तेथूनच परत फिरावे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय असावे लागतात, त्यांत एकत्रित ५० टक्के गुण लागतात, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ४० टक्के पुरतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. नीट ७२० गुणांची असते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराला १ गुण वजा होतो. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० वा पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गाला ४० वा पर्सेंटाइल लागतो. आयुषच्या, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी यांसारख्या अभ्यासक्रमांच्या, जागा रिकाम्या राहिल्याने काही वर्षी तो खाली आणला गेला आहे, पण त्या भरवशावर बसणे शहाणपणाचे नाही.

मराठीतून परीक्षा देता येते, मात्र सीमाभागातल्या मुलांनी एक बाब नीट ध्यानात घ्यावी. प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवरच मिळते. म्हणजे बेळगावचे केंद्र निवडले तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड हे पर्याय मिळतील, मराठी मिळणार नाही. मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल तर कोल्हापूरसारखे महाराष्ट्रातील केंद्र निवडावे लागेल. शिवाय भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरला जातो. पीयूसीचे विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलाने केवळ मातृभाषेच्या ओढीने मराठी प्रश्नपत्रिका निवडू नये, असे माझे मत आहे, कारण ‘ऑस्मोसिस’ हा शब्द दोन वर्षे वाचलेल्या मुलाला ऐन परीक्षेत ‘परासरण’ वाचून थबकायला होते.

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हा अभ्यास झेपतो का?

झेपतो. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. पहिले सहा-आठ महिने शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाची दोन पाने वाचायला रात्र जाते, हे खरे आहे. परंतु ही अडचण भाषेची कमी आणि लॅटिन-ग्रीक संज्ञांची जास्त असते, आणि त्या संज्ञा इंग्रजी शाळेतून आलेल्यालाही तितक्याच नव्या असतात.

प्रवेश कर्नाटकातून घ्यावा की महाराष्ट्रातून?

या प्रश्नाचे उत्तर आवडीपेक्षा कागदपत्रांवर ठरते, म्हणून ते सविस्तर देतो.

कर्नाटकातील राज्य कोट्याच्या जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले केईए, भरते. नीट दिल्यानंतर केईएकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती न केल्यामुळे गुण असूनही घरी बसलेली मुले दरवर्षी दिसतात. कर्नाटकचा उमेदवार ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे राज्यात किमान सात वर्षांचे शालेय शिक्षण झालेले असावे लागते आणि दहावी किंवा पीयूसी येथून उत्तीर्ण असावी लागते. ते शिक्षण कोणत्या भाषेतून झाले, याच्याशी या अटीचा संबंध नाही. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांना जो १५ टक्के ग्रामीण कोटा आहे, त्यालाही माध्यमाची अट नाही, म्हणून खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी त्यावर हक्क सांगू शकते. कित्येक पालकांना हे ठाऊकच नसते आणि ‘आपण मराठी, आपल्याला काय मिळणार’ असे म्हणून ते तो रकाना कोरा सोडतात. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा मात्र कन्नडमधून शिकलेल्यांसाठीच आहे. कल्याण कर्नाटकासाठी, म्हणजे कलबुर्गी, बिदर, रायचूर या बाजूच्या जिल्ह्यांसाठी, असलेल्या राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमाच्या सवलतीत बेळगाव जिल्हा येत नाही, तेव्हा तो रकाना चुकूनही भरू नये. प्रवर्गाच्या बाबतीत मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत ३ बी या गटात आहे. राज्याची यादी आणि नीटच्या अर्जात लागणारी केंद्राची यादी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एका यादीतले नाव दुसरीत गृहीत धरल्याने अर्ज बाद होऊ शकतो.

महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या जागा तेथील सीईटी कक्ष भरतो. त्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे व अधिवास प्रमाणपत्र असणे हा मूळ नियम आहे, त्यामुळे बेळगावात शिकलेला विद्यार्थी एरवी बाहेरचा ठरतो. महाराष्ट्र शासनाने विवादित सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत ‘एमकेबी’ या नावाने वेगळी तरतूद ठेवली आहे. तिच्यासाठी गावाचे नाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. कोणत्या अभ्यासक्रमाला या तरतुदीखाली किती जागा आहेत, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे, चहाच्या टपरीवर ऐकलेल्या आकड्यावर जाऊ नये.

तिसरा मार्ग अखिल भारतीय कोट्याचा आणि अभिमत विद्यापीठांचा आहे. या जागा आयुष मंत्रालयाची केंद्रीय समुपदेशन समिती, म्हणजे एएसीसीसी, भरते आणि तेथे राज्याची सीमा आड येत नाही. चंदगडच्या मुलाला घराजवळ म्हणून बेळगावात शिकायचे असेल, तर त्याने हा मार्ग आधी तपासावा.

कोणती कागदपत्रे आधीपासून तयार ठेवावीत?

दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, नीटचे प्रवेशपत्र व निकाल, क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असलेला सात वर्षांचा अभ्यास दाखला, ग्रामीण कोटा मागायचा असल्यास त्याचा दाखला, तसेच नाडकचेरीतून (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारे जात व उत्पन्न प्रमाणपत्र, ज्यावर आरडी क्रमांक असतो, एवढे तरी हाताशी असावे.

आपल्या भागात खरी अडचण कागद मिळण्याची नसून नावाची असते. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, नाडकचेरीच्या कन्नड प्रमाणपत्रावर त्याचे दुसरे रूप, आणि आधारवर इंग्रजीतले तिसरेच स्पेलिंग, अशी तीन माणसे एका मुलात नांदत असतात. माझ्या वेळी दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली होती. पडताळणीच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी माझा अर्ज बाजूला सरकवला, आणि शाळेतून दुरुस्तीचे पत्र, नोटरीचे प्रतिज्ञापत्र, पुन्हा रांग, असे करता करता माझी एक फेरी हातची गेली. तेव्हा मुलगा नववीत असतानाच दाखला, आधार आणि जात प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. दहावीचा अर्ज भरण्याआधी शाळेत जी दुरुस्ती एका अर्जावर होते, तीच नंतर बेंगळुरूपर्यंत नेते.

महाविद्यालय निवडताना काय पाहावे?

बेळगाव शहरातच ए. एम. शेख, भरतेश आणि केएलई ही होमिओपॅथी महाविद्यालये आहेत. कर्नाटकातील संलग्न महाविद्यालये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, केएलईचे महाविद्यालय त्याच संस्थेच्या अभिमत विद्यापीठाखाली आहे, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्या वर्षी त्या महाविद्यालयाला आयोगाची परवानगी आहे का आणि किती जागांना आहे, हे सर्वांत आधी पाहावे, कारण परवानगी दरवर्षी तपासली जाते.

त्यानंतर इमारत पाहण्यात वेळ न घालवता सरळ ओपीडीत जाऊन बसावे. एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, कोणालाही न सांगता, सकाळी दहा ते बारा या वेळात बाकावर बसून किती रुग्ण येतात, विद्यार्थी त्यांच्याशी बोलतात की नुसते वहीत सह्या घेतात, हे मोजावे. रुग्णच नसलेल्या रुग्णालयात साडेपाच वर्षे काढलेला विद्यार्थी पुस्तक पाठ म्हणू शकतो, पण समोर खोकणारे माणूस आले की त्याचे हात थरथरतात. मी दोन तासांत सात रुग्ण मोजलेल्या ठिकाणी कागदोपत्री दिवसाला शंभरावर नोंदी होत्या. ते ठिकाण कोणते हे सांगण्याची गरज नाही, तुम्ही स्वतः मोजा.

‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेशाविषयीही विचारले जाते, म्हणजे फी भरायची, घरी राहायचे आणि परीक्षेला तेवढे जायचे. नियमाने किमान ७५ टक्के हजेरी लागते आणि हा व्यवहार उघडपणे बेकायदेशीर आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने एकही प्रेत चिरले जाताना पाहिले नाही आणि एकाही बाळंतिणीची नाडी धरली नाही, त्याच्याकडे तुम्ही तुमच्या नातवाला न्याल का, एवढे पालकांनी स्वतःला विचारावे.

साडेपाच वर्षांत काय शिकवतात?

पुष्कळांचा समज असतो की होमिओपॅथीत फक्त गोड गोळ्यांची नावे शिकवतात. प्रत्यक्षात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, न्यायवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती, सामाजिक आरोग्य आणि वैद्यकचिकित्सा हे विषय इतर वैद्यकीय शाखांप्रमाणेच असतात. त्यांच्या जोडीला होमिओपॅथीचे स्वतःचे चार विषय चालतात. ऑर्गेनन म्हणजे तत्त्वज्ञान. मटेरिया मेडिका म्हणजे औषधांची लक्षणचित्रे. रिपर्टरी म्हणजे लक्षणावरून औषधाकडे नेणारा कोश. आणि फार्मसी म्हणजे औषध बनवण्याची विद्या.

जर्मनीतील मायसेन गावी १७५५ मध्ये जन्मलेल्या सॅम्युएल हानेमान यांनी १७९० मध्ये एका औषधग्रंथाचे भाषांतर करताना सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि हिवतापासारखी लक्षणे आपल्यात उमटल्याचे नोंदवले. ‘समानाने समानाचे शमन’ हे तत्त्व त्यांनी तेथून पुढे मांडले आणि १८१० मध्ये ऑर्गेननची पहिली आवृत्ती काढली. आपल्या कर्नाटकात ही पद्धत रुजवण्यात मंगळुरूच्या फादर म्युलर यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १८८० मध्ये कंकनाडी येथे होमिओपॅथीची औषधे द्यायला सुरुवात केली होती.

फार्मसीच्या प्रयोगशाळेतला पहिला तास बहुतेकांच्या लक्षात राहतो. मूळ अर्काचा एक भाग आणि मद्यार्काचे ९९ भाग एका कुपीत घ्यायचे, कुपी मुठीत धरून तळहातावर ठरावीक जोराने आपटायची, त्यातला एक भाग पुढच्या कुपीत घ्यायचा आणि पुन्हा तेच करायचे. असे ३० वेळा केले की त्या औषधाची ‘३०’ ही पोटेन्सी झाली. न विरघळणारे पदार्थ दुग्धशर्करेबरोबर खलात तासन्‌तास घोटावे लागतात. माझ्या शेजारचा मित्र घोटता घोटता झोपला होता आणि सरांनी त्याला उठवून पुन्हा पहिल्यापासून घोटायला लावले.

केस टेकिंग म्हणजे काय आणि त्यासाठी कन्नड यायलाच हवे का?

रुग्णाची सविस्तर हकिगत घेणे म्हणजे केस टेकिंग, आणि या व्यवसायाचे सगळे कसब त्यातच आहे. होमिओपॅथीत नुसते ‘डोके दुखते’ एवढे पुरत नाही. ते ठणकते की जड होते, कळ मारते की चमक निघते, उन्हाने वाढते की पावसाळी हवेने, दाबून धरले की बरे वाटते की हातही लावू देत नाही, हे सर्व रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायचे असते. मराठीत दुखण्याला जेवढे शब्द आहेत तेवढे रिपर्टरीच्या इंग्रजीतही क्वचितच सापडतील, म्हणून मराठी मुलाची ही मोठी जमेची बाजू आहे.

परंतु बेळगावच्या ओपीडीत एका सकाळी मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा ऐकू येतात. दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर बैलहोंगलकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्या पायाकडे बोट दाखवून ‘जोमु, जोमु’ म्हणत होत्या आणि मी वहीत ‘पायात वेदना’ असे लिहून मोकळा झालो. सरांनी वही पाहिली, आजींशी दोन मिनिटे कन्नडमध्ये बोलले आणि मला म्हणाले, ‘अरे, त्यांच्या पायाला मुंग्या येतात, दुखत नाही. साखर तपासली का?’ ती तपासली तेव्हा बरीच वाढलेली निघाली. नोवु म्हणजे दुखणे, उरि म्हणजे आग होणे, जोमु म्हणजे मुंग्या येणे, एवढे तीन शब्द मला आधी ठाऊक असते, तर ती चूक झाली नसती. भाषेचे राजकारण चौकात कितीही चालो, तपासणीच्या टेबलावर कन्नड न येणे हा केवळ डॉक्टरचा तोटा आहे.

व्यवसायाची चौकशीही याच हकिगतीत येते. निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा विडीच्या कामावर बसणाऱ्या बाईचा खोकला आणि शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या विणकराची पाठदुखी यांची कारणे पुस्तकातल्या रुग्णापेक्षा वेगळी असतात. इंटर्नशिपमध्ये अशा वस्त्यांत जायची संधी मिळाली तर ती चुकवू नये.

खर्च किती येतो?

शासनाने ठरवलेल्या जागेची फी, व्यवस्थापन कोट्याची फी आणि अभिमत विद्यापीठाची फी यांत मोठे अंतर असते. जाहीर फीशिवाय विद्यापीठ शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह आणि बस यांचा आकडा लेखी मागावा. पात्र विद्यार्थ्यांना कर्नाटक शासनाच्या एसएसपी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, आणि बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकून राहते.

होमिओपॅथीला शास्त्रीय आधार नाही असे म्हणतात. मग हे शिक्षण घ्यावे का?

हा प्रश्न टाळणाऱ्या मार्गदर्शकावर विश्वास ठेवू नये. वर सांगितलेली विरळ करण्याची रीत १२ व्या शतांश पोटेन्सीच्या, म्हणजे एकास ९९ असे बारा वेळा विरळ करण्याच्या, पुढे गेली की मूळ पदार्थाचा एखादा रेणूही कुपीत शिल्लक असण्याची शक्यता राहत नाही. हे साधे रसायनशास्त्र आहे आणि ते पीयूसीच्या मुलालाही मांडता येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरील अभ्यासांचा आढावा घेऊन, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. फ्रान्सने २०२१ पासून या औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणे बंद केले. होमिओपॅथीच्या समर्थकांनी या आढाव्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत, पण जगातील बहुसंख्य वैज्ञानिक संस्थांचे मत ‘प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा) अधिक परिणाम सिद्ध झालेला नाही’ हेच आहे.

दुसरीकडे भारतात ही कायद्याने मान्य, शासनाच्या आयुष विभागाखालील पद्धत आहे, तिचे परवानाधारक डॉक्टर आहेत आणि लाखो लोक त्यांच्याकडे जातात. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. मी स्वतः या व्यवसायात पोट भरतो आणि तरीही येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो की टीका आधी वाच, मग अर्ज भर. चौथ्या वर्षात गेल्यावर कोणा नातेवाइकाने हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला आणि मुलगा तिथल्या तिथे कोसळला, असे होण्यापेक्षा ते बरे.

कोणते रुग्ण होमिओपॅथने स्वतःकडे ठेवू नयेत?

पावसाळ्यात खानापूरच्या रानात साप चावलेला माणूस, कुत्रे चावलेले मूल, छातीत कळ येऊन घामाघूम झालेला गृहस्थ, तोंड वाकडे झालेली किंवा एका बाजूचे बळ गेलेली व्यक्ती, रक्तस्राव होत असलेली गरोदर स्त्री आणि तापात सुस्तावलेले तान्हे मूल यांना एकही गोळी देण्यात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवायचे असते. सर्पदंशावर प्रतिविष आणि श्वानदंशावर लस हाच उपाय आहे. मधुमेह, रक्तदाब, फिट्स किंवा क्षयरोग यांची चालू औषधे कोणाला बंद करायला सांगू नयेत. आपल्याकडून रुग्ण योग्य वेळी पुढे गेला की नाही, यावरच गावात डॉक्टरचे नाव होते किंवा जाते.

बीएचएमएस झाल्यावर अ‍ॅलोपॅथीची औषधे देता येतात का?

कर्नाटकात देता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या एका निकालातील प्रकरण असे होते: मुंबईतील एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला आधी विषाणूजन्य ताप आणि नंतर टायफॉइड समजून अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि तो रुग्ण दगावला. ज्या शास्त्राची पदवी नाही त्यात उपचार करणे हीच निष्काळजी आहे, असे न्यायालयाने ठरवले.

गोंधळ होतो तो सीमेमुळे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून होमिओपॅथ डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, आणला. भारतीय वैद्यकीय संघटनेने त्याला विरोध केला असून तो वाद न्यायालयात गेलेला आहे. त्याचे शेवटी काहीही होवो, ती तरतूद महाराष्ट्रापुरती आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत बसणाऱ्या मित्राने काय लिहून दिले, ते पाहून बेळगावात तसेच लिहून देणे म्हणजे स्वतःच्या हाताने पोलिसांना बोलावणे आहे. नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचे डॉक्टर म्हणून काम देताना ‘सही मोठे डॉक्टर करतील’ असे सांगितले जाते. काही बिघडले तर रात्री ड्युटीवर कोण होते, हेच आधी विचारले जाते.

नोंदणी कुठे करायची आणि दवाखान्याला काय काय लागते?

इंटर्नशिप संपल्यावर कर्नाटकातील पदवीधरांनी बेंगळुरू येथील राज्य होमिओपॅथी मंडळाकडे नोंदणी करायची असते. २०२० च्या कायद्यात परवान्यासाठी राष्ट्रीय निर्गमन परीक्षेची तरतूद आहे, म्हणून आपल्या तुकडीला ती कशी लागू होते हे महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. पुढे महाराष्ट्रात स्थायिक व्हायचे असेल, तर कर्नाटक मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथील परिषदेकडे नोंदणी हलवावी.

दवाखान्यासाठी केपीएमई म्हणजे खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्हा पातळीवर नोंदणी लागते, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांची पूर्तता करावी लागते. पाटीवर ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘कर्करोगावर हमखास’ असे लिहू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानुसार अशा आजारांवरील उपचाराची जाहिरात करणे गुन्हा आहे.

पदव्युत्तर शिक्षण आणि नोकऱ्यांचे काय?

एमडी होमिओपॅथी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यासाठी एआयएपीजीईटी ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एमडी लागतेच. आयुष विभागाचे दवाखाने, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदे, केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद आणि विमा कंपन्यांतील दावे तपासण्याचे काम हे इतर मार्ग आहेत. जागा थोड्या निघतात आणि अर्ज भरपूर येतात.

स्वतःचा दवाखाना किती दिवसांत चालायला लागतो?

माझा तिसऱ्या वर्षी भाड्यापुरता चालू लागला आणि पाचव्या वर्षी घरखर्च भागवू लागला. पहिल्या पावसाळ्यात असे दिवस गेले की दिवसभरात दोनच माणसे आली, आणि त्यांतला एक पत्ता विचारायला आला होता. एखाद्या जुन्या डॉक्टरांकडे वर्षभर सहायक म्हणून बसणे, गावाच्या बाजाराच्या दिवशी हमखास हजर राहणे आणि जुन्या रुग्णाची वही सापडेल अशी ठेवणे याचा उपयोग मला झाला. वही हरवली की रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते, आणि दुसऱ्यांदा सांगावे लागलेला रुग्ण तिसऱ्यांदा येत नाही.